जुन्या गाडीचे एमपीएफआय विकत घेताना

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात कार्यशाळेच्या दाराशी उभी असलेली, छप्पर नसलेली तांबडी मोटार आपण सर्वांनी पाहिली असेलच. आपल्या शाळेतून दहावी होऊन पुढे आयटीआयला व पदविकेला गेलेल्या सात मुलामुलींनी ती दीड वर्ष खपून उभी केली. त्या दोन दिवसांत आम्हाला तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. विद्यार्थ्यांचा प्रश्न होता, "ही किती जोरात पळते?" पालकांचा प्रश्न होता, "इंजिन आधी चालत होतेच, मग हे वायरींचे जाळे कशाला?" आणि एका विश्वस्तांनी हिशोबाच्या वहीवर बोट ठेवून विचारले, "एकाच वस्तूसाठी दोनदा पैसे कसे गेले?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरे पत्रिकेतून देऊ, असे आम्ही तेव्हा कबूल केले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला थोडी मान खाली घालावी लागणार आहे. पण खरे शिक्षण त्याच चुकीत झाले, म्हणून तीही इथे सविस्तर सांगत आहोत.

हॉट रॉड म्हणजे काय?

जुन्या, साध्या गाडीचे अनावश्यक पत्रे काढून ती हलकी करायची आणि तिच्या इंजिनात सुधारणा करून ते जोमदार करायचे, अशा गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी १९३० नंतरच्या काळात हा छंद वाढवला. स्वस्तात मिळणारी जुनी फोर्ड घ्यायची, घरामागच्या शेडमध्ये ती उघडायची आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर वेळ लावून पळवायची. १९३७ साली या शर्यतींची वेळ नोंदवणारी संघटनाही तिथे स्थापन झाली.

या लोकांपैकी स्टुअर्ट हिलबॉर्न यांचे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ते रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करीत. कार्ब्युरेटरवर समाधान न झाल्याने त्यांनी इंधन थेट फवारणारी यांत्रिक रचना स्वतः तयार केली आणि १९४८ साली त्यांची गाडी ताशी दीडशे मैलांच्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरच्या पुढे गेली. पुढे १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या गाडीसाठी विजेवर चालणारी इंधन फवारणी बाजारात आणली. १९८५ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांवर जी फवारणी येऊ लागली, ती मोडीत निघालेल्या गाड्यांवरून काढून आपल्या जुन्या इंजिनावर बसवणे हा अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचा नेहमीचाच उद्योग झाला. आमच्या मुलांनी तेच केले, फक्त फोर्डऐवजी आपल्या सर्वांच्या ओळखीची मारुती ८०० घेतली.

चालत्या इंजिनाला फवारणी कशाला?

आमच्याकडे देणगी म्हणून आलेली मारुती कार्ब्युरेटरची होती. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांच्या मधोमध एक मोठा बदल झाला. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खाजगी गाड्यांसाठी धुराचे नियम कडक केले. १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२. हे नियम पाळायचे तर साधा कार्ब्युरेटर पुरेना. म्हणून त्या सुमारास मारुती ८०० मध्येही फवारणीची रचना आली. गाडीच्या मागच्या काचेवर 'एमपीएफआय' ही चार अक्षरे दिसू लागली, ती याच रचनेची. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा वेगळा इंजेक्टर, असा त्यांचा अर्थ.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला. स्प्लेंडरसारखी घरोघरची मोटारसायकलही आज फवारणीवर चालते. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत गॅरेज चालवतात किंवा तिथे काम करतात. त्यांना हे सांगायला नको. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर ज्याच्या हाती आहे, पण मल्टिमीटर धरता येत नाही, त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइके दरवर्षी कमी होत आहेत. मुलांना नव्या रचनेवर हात बसवता यावा, यासाठीच हा खटाटोप होता. गाडी किती जोरात पळते हे आमच्या दृष्टीने दुय्यम होते. (विद्यार्थ्यांसाठी उत्तर: आम्ही ती ताशी ४० च्या वर नेलेली नाही आणि नेणारही नाही.)

ती काम कशी करते?

कार्ब्युरेटर म्हणजे अत्तराचा फवारा समजा. अरुंद नळीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. किती ओढायचे हे छिद्राच्या मापावर ठरलेले. थंडी असो, ऊन असो, सापुताऱ्याचा घाट असो, छिद्र तेच.

फवारणीत मात्र पेट्रोल मोजून दिले जाते. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाखाली एका नळीत भरतो. तिला रेल म्हणतात. रेलवर इंजेक्टर बसवलेले असतात. इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी बारीक सुईची झडप. ती किती वेळ उघडी ठेवायची हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला आपल्याकडचे मिस्त्री ईसीएम म्हणतात. हवा किती येते, इंजिन किती तापले आहे, पॅडल किती दाबले आहे, क्रँक किती वेगाने फिरतो आहे आणि धुरात प्राणवायू किती उरला आहे, या सर्वांची बातमी त्याला वेगवेगळे सेन्सर देत असतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढचे गणित स्वतः करून पाहावे. मारुतीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर तीन. म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २६५ घनसेंटिमीटर. तो हवेने पूर्ण भरला असे धरले, तर एका लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून २६५ घनसेंटिमीटरचे झाले सुमारे ०.३२ ग्रॅम. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. ०.३२ भागिले १४.७, म्हणजे जवळजवळ ०.०२२ ग्रॅम. एका वेळी बावीस मिलिग्रॅम पेट्रोल! इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५० फेरे. दर दोन फेऱ्यांना एकदा फवारा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो. दोन फवाऱ्यांमध्ये फक्त ४० मिलिसेकंद आणि त्यातला थोडाच वेळ झडप उघडी.

इतक्या बारीक मापाच्या कामात एक भाग एका गाडीचा आणि दुसरा भाग दुसऱ्याच गाडीचा घातला तर काय होईल? आम्ही नेमके तेच केले.

आमची पहिली खरेदी

मुलांनी घरोघरून जमवलेल्या पैशांतून ९,००० रुपये घेऊन आम्ही शहराबाहेरच्या महामार्गालगतच्या भंगाराच्या दुकानांत गेलो. एका दुकानात इंजेक्टरसह रेल मिळाली. दुसऱ्याकडे ईसीएम मिळाला. तिसऱ्याने वायरिंग दिले. कपलर शाबूत होते, पण मधल्या वायरी गाडी मोडताना कटरने कापलेल्या. "जोडून घ्या, रंग बघून जोडायच्या," असे दुकानदार म्हणाला. बिल मागितले तर त्याने सिगारेटच्या पाकिटामागे आकडा लिहून दिला. आम्ही सर्वजण खूश होतो, कारण नव्या सामानाच्या मानाने फार स्वस्तात काम झाले होते.

पुढचे दोन महिने वायरी जोडण्यात गेले. एकाच रंगाच्या तीन-तीन वायरी निघत. इंजिन सुरू व्हायचे, काळा धूर सोडायचे आणि बंद पडायचे. प्लग काढले की ओले आणि काळेकुट्ट. शेवटी भटारच्या बाजूला गॅरेज असलेल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना आम्ही बोलावून आणले. त्यांनी सामान नुसते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "अरे पोरांनो, वायर कापलेला माल म्हणजे जीभ कापलेला माणूस. त्याला काय दुखतंय ते तो सांगणार कसं?" मग त्यांनी इंजेक्टर तपासणीच्या यंत्रावर लावून दाखवले. ते मोठ्या इंजिनाच्या गाडीचे होते. तेवढ्याच वेळात जवळजवळ दीडपट द्रव सोडत होते. ईसीएम बिचारा लहान इंजिनाचा हिशोब करून झडप उघडत होता आणि प्रत्येक वेळी दीडपट पेट्रोल आत जात होते.

सुरतेच्या पालकांना ही गोष्ट एका वाक्यात समजेल. जेकार्डच्या मागावर पत्ते एका डिझाइनचे, हार्नेसची बांधणी दुसऱ्या मागाची आणि सुताचा नंबर तिसराच, असे केले तर कापडावर काय उमटेल? पत्ते चांगले असतील, हार्नेस चांगला असेल, सूतही चांगले असेल, तरी कापड वाया जाते. गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यालाही इंग्रजीत हार्नेसच म्हणतात. ईसीएम म्हणजे त्या गाडीचे पत्ते. ते एका विशिष्ट इंजिनासाठी, विशिष्ट इंजेक्टरसाठी, विशिष्ट सेन्सरसाठी लिहिलेले असतात.

विश्वस्तांना हेच उत्तर आहे. आम्ही स्वस्त सुटे भाग घेतले आणि त्यांनाच फवारणीचा संच समजलो. पक्के बिल नसल्याने परत करायला तोंडही नव्हते.

संपूर्ण संच कशाला म्हणावे?

मिस्त्रीकाकांनी आम्हाला एका कागदावर यादी करून दिली. ती आता कार्यशाळेत भिंतीवर लावली आहे. एकाच गाडीवरून, एकाच वेळी, पुढील सर्व वस्तू घ्याव्यात.

१. इनटेक मॅनिफोल्ड, त्यावरची थ्रॉटल बॉडी, रेल, सर्व इंजेक्टर आणि दाब कायम राखणारा रेग्युलेटर.
२. ईसीएम आणि त्याचा फ्यूज व रिलेचा डबा.
३. एकही वायर न कापता, प्रत्येक कपलर सोडवून काढलेले पूर्ण वायरिंग.
४. सर्व सेन्सर. विशेषतः इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर आणि तो ज्या दातेरी चाकाकडे 'पाहतो' ते चाकसुद्धा.
५. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर.
६. पंपासह पेट्रोलची टाकी आणि नळ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीच्या टाकीत असा पंप नसतो. जुनी टाकी कापून, वेल्डिंग करून पंप बसवण्याचा विचारही करू नये. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची असते.
७. इमोबिलायझर असलेली गाडी असेल तर तिची चावी. चावी ओळखली नाही तर ईसीएम पेट्रोल सोडतच नाही.

संच एकत्र मिळतच नसेल तर दुसरा मार्ग आहे. आपल्या इंजिनाप्रमाणे आकडे भरता येतील असा मोकळा ईसीएम घेणे. अमेरिकेत बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास छंदी लोकांसाठी 'मेगास्क्वर्ट' नावाचा असा ईसीएम तयार केला आणि तो जगभर पोचला. पण त्यात प्रत्येक आकडा आपणच भरायचा असतो. शिकणाऱ्याने आधी कंपनीचा संच जसाच्या तसा चालवून पाहावा, मग तिकडे वळावे, असे आमचे मत झाले.

आणखी एक सूचना. नाशिकच्या सातपूरला पूर्वी मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, २००८ पासून बॉश हे नाव असलेल्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल तयार होतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. म्हणून "नाशिकहून इंजेक्टर आणा" असा सल्ला आम्हाला मिळाला. पण तिथला लौकिक डिझेलच्या इंजेक्टरचा. आजच्या डिझेल गाड्यांत दाब हजार बारच्या वर जातो. आपल्या पेट्रोलच्या रेलमध्ये तो अडीच-तीन बार असतो. नाव एक असले तरी वस्तू वेगळी.

माल कुठला, हे आधी

जुने सामान घेणे यात गैर काही नाही. उलट चालू स्थितीतला भाग वितळवण्यापेक्षा वापरणे केव्हाही चांगले. पण तो आला कुठून, हे विचारलेच पाहिजे. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे मोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाला. अशा ठिकाणी स्वस्त मिळालेला ईसीएम म्हणजे कोणाच्या तरी दारातून रात्री नाहीशी झालेली गाडी असू शकते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानायला कारण असूनही घेणाऱ्याला कायदा शिक्षा करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम त्यासाठीच आहे. 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्यासाठी निदान आपण विचारलेले तरी असावे. आम्ही पहिल्या खेपेला विचारले नव्हते. शाळेच्या नावाने केलेल्या खरेदीत ही चूक आम्हाला पैसे गेल्यापेक्षा अधिक लागली.

गाडी कायमची वापरातून गेली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात तसे आहे. २०२१ च्या नियमांपासून सरकारमान्य वाहन मोडणी केंद्रेही सुरू झाली आहेत. तिथे गाडी जमा केल्यावर मालकाला तसे प्रमाणपत्र मिळते. विकणाऱ्याकडे यांपैकी एखादा कागद असला पाहिजे आणि बिलावर इंजिन व चासी क्रमांक आला पाहिजे.

दुसरी खरेदी

या वेळी आम्ही घाई केली नाही. आपल्या समाजाचे सोयरसंबंध तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेपासून भुसावळपर्यंत पसरलेले. प्रत्येक पालकाने आपल्या गावी निरोप धाडला. तीन महिन्यांनी नंदुरबारहून एका विद्यार्थिनीच्या मामांचा फोन आला. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची एमपीएफआय मारुती ८०० शेडमध्ये उभी होती. पत्रा गंजून गेलेला, नोंदणी रद्द झालेली आणि तिचे आरटीओचे पत्र जपून ठेवलेले. इंजिन मात्र ते काका महिन्यातून एकदा सुरू करीत.

आम्ही मिस्त्रीकाकांना घेऊनच गेलो. काकांनी चहा पुढे केला, तर मिस्त्रीकाका म्हणाले, "आधी गाडी, मग चहा. तुम्ही सकाळपासून ती चालू केली नाहीत ना?" कारण संच तपासायचा तो इंजिन थंड असताना. तापलेले इंजिन कोणाचेही सुरू होते.

चावी फिरवल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा लागला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला. दोन्ही गोष्टी आवश्यक. दिवा लागलाच नाही तर कोणीतरी तो दोष लपवण्यासाठी काढून टाकलेला असू शकतो. थंड इंजिन थोडे जोरात फिरले आणि तापत गेले तसे आपोआप सावकाश झाले. याचा अर्थ तापमानाचा सेन्सर खरे बोलतो आहे. मग मुलांनी एकेक इंजेक्टरचा कपलर काढून पाहिला. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच अडखळले, म्हणजे तिन्ही सिलिंडर सारखे काम करत होते. शेवटी ईसीएमचा कपलर सोडवून आतल्या पिना पाहिल्या.

या शेवटच्या तपासणीचे महत्त्व सुरतकरांना समजावून सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडले गेले आणि शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या हे आपण पाहिले आहे. आजही खाड्यांना पूर आला की खालच्या भागातल्या गाड्यांत पाणी शिरते. अशी गाडी धुऊन पुसून चकाचक करता येते, पण ईसीएमच्या पिनांवर तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसतो. कपलरच्या आत बारीक मातीची रेघ राहते. असा ईसीएम आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात दगा देईल. नंदुरबारच्या गाडीच्या पिना स्वच्छ होत्या.

१२,००० रुपयांत पूर्ण संच ठरला. काकांनी क्रमांकांसह पावती दिली, आरटीओच्या पत्राची प्रत दिली आणि वर मुलांना जेवू घातले. मुलांनी दीड दिवस बसून प्रत्येक कपलरला कागदाची चिठ्ठी बांधली, फोटो काढले आणि एकही वायर न कापता संच सोडवला. मॅनिफोल्ड जुळतो का हे पाहायला आमच्या इंजिनाच्या तोंडाचा पुठ्ठ्यावर काढलेला ठसा आम्ही बरोबर नेला होता. सुरतेला आल्यावर सर्व इंजेक्टर यंत्रावर तपासून, साफ करून घेतले. तिघांच्या नळीत सारख्या वेळात जवळजवळ सारखाच द्रव जमला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हातभर नळी

आता एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. संच बसवताना रेलकडे जाणारी नळी हातभर कमी पडली. गॅरेजमध्ये पेट्रोलची रबरी नळी पडलेली होती, ती आम्ही लावली. नवी होती, मापाची होती. पण ती कार्ब्युरेटरची नळी होती. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब एका बारपेक्षा बराच कमी असतो. फवारणीच्या पंपाचा त्याच्या दहापट.

चावी फिरवली, पंप दोन सेकंद गुणगुणला. सेल्फ मारणार इतक्यात मागे उभी असलेली एक विद्यार्थिनी ओरडली, "थांबा, वास येतोय!" खाली पाहिले तर क्लिपेजवळून पेट्रोलची बारीक धार उडून सायलेन्सरच्या पाइपवर पडत होती. पाइप थंड होता म्हणून निभावले. अर्ध्या तासापूर्वी इंजिन चालवलेले असते, तर हा लेख वेगळ्या कारणासाठी लिहावा लागला असता. बॅटरीची वायर काढली, दारे उघडली आणि त्या दिवशीचे काम थांबवले.

फवारणीसाठी वेगळी, जास्त दाबाची नळी मिळते. तिच्यावर 'जे३० आर९' असा छाप असतो. साध्या नळीवर 'आर७' असतो. क्लिपही सर्व बाजूंनी सारखी आवळणारी, खाचा नसलेली घ्यावी. रेल उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. ज्या घरांत मुले मोटारसायकलवर हात चालवतात, त्या पालकांनी एवढा परिच्छेद तरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

ही गाडी रस्त्यावर का नाही?

कारण कायदा तशी परवानगी देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. छप्पर कापलेली आमची तांबडी मारुती या नियमात बसत नाही. ती बंद आवारात, मोठ्यांच्या देखरेखीखाली, शिकण्यापुरती चालते आणि नेताना टेम्पोवर चढवून नेतो. मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून मिरवणाऱ्या मोठ्या मुलांनीही हे ध्यानात घ्यावे.

हिशोब आणि विनंती

पहिल्या खरेदीचे ९,००० रुपये गेले. त्यातली रेल, इंजेक्टर व कापलेले वायरिंग आम्ही फळ्यावर बसवून विज्ञानाच्या वर्गाला दिले आहे. वायर कापली की काय होते हे दाखवायला ते उत्तम आहे. ईसीएमच्या मूळ मालकाचा पत्ता लागत नसल्याने तो मात्र वापरायचा नाही, असे ठरले. गाडीचा मूळ कार्ब्युरेटर उभा छेद देऊन शेजारी ठेवला आहे. दुसऱ्या खरेदीची पावती व पत्राची प्रत कार्यालयाच्या फायलीत आहे, कोणीही पाहावी.

विश्वस्तांना दोन विनंत्या आहेत. कार्यशाळेत पेट्रोलच्या आगीला चालेल असे अग्निशामक नळकांडे दाराजवळ बसवून मिळावे. आणि यापुढे मंडळाची कोणतीही जुनी वस्तू पक्क्या पावतीशिवाय घेतली जाऊ नये, असा ठराव व्हावा. पहिली चूक आमच्याकडून झाली, म्हणून हा ठराव आम्हीच मांडत आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यशाळा उघडी असते. येताना पालकांची लेखी परवानगी आणावी, पायात बूट असावेत, ओढणी व सैल बाह्या बांधलेल्या असाव्यात. पहिल्या दिवशी कोणालाही पाना मिळणार नाही. आधी मल्टिमीटर धरायला शिकवू आणि पेट्रोलचा वास आला की सर्वांत आधी काय करायचे ते शिकवू. ती धार जिने ओळखली ती ताईच हा पहिला तास घेते.



— माजी विद्यार्थी मंडळ, कार्यशाळा समिती